पुढच्याने मागे बघायचं नाही

भोंगा आणि बाई यांचा धंदा दोन टोकांचा होता. वरच्या धक्क्यावर भोंगा जोडप्यांना होडीत बसवून द्यायचा आणि खालच्या धक्क्यावर बाई त्यांना उतरवून घ्यायची. मधली नदी गिऱ्हाइकांची. दोन्ही टोकांना निमुळती होत गेलेली दोघांपुरती होडी, जिला दुकानात कॅनू म्हणतात, दोन वल्ही, एक तंबू, स्टोव्ह, झोपायच्या पिशव्या, प्यायच्या पाण्याचा कॅन आणि हाताने काढलेला नदीचा नकाशा. एवढं सामान द्यायचं आणि तीन रात्री त्यांना नदीच्या हवाली करायचं. नवी लग्नं झालेली, होऊ घातलेली, मोडत आलेली, सगळ्या तऱ्हेची जोडपी यायची.

भोंग्याला नावाने कुणी हाक मारत नसे. अलीकडच्या काठावर तो बोलला की पलीकडच्या काठावरचा माणूस उत्तर द्यायचा, असा त्याचा आवाज. बाईला सगळे होडीवाल्या बाई म्हणायचे आणि घाई असली की नुसतं बाई. मूलबाळ नव्हतं. कुणी विचारलंच तर भोंगा शेडकडे बोट दाखवायचा, "एवढी पोरं आहेत की. वर्षभर रंगवा, ठिगळं लावा, आणि परक्यांच्या हाती द्या."

घर, शेड आणि खालचा धक्का एकाच आवारात. भोंगा सकाळी ट्रेलरला होड्या बांधून, माणसं गाडीत घालून वर जायचा. बाई इथेच. वर्षानुवर्षं हे असं चाललं, त्याचा परिणाम असा झाला की भोंग्याने फक्त निघणारी माणसं पाहिली आणि बाईने फक्त पोचलेली. निघताना सगळेच हसत असतात. टोप्या नव्या असतात, एकमेकांच्या तरंगायच्या जॅकेटचे पट्टे आवळून देतात. पोचतात तेव्हा नाकं सोललेली असतात, तळहातांना फोड आलेले असतात, आणि कोण कुणाशी बोलत नाही ते बाईला होडी काठाला लागायच्या आतच कळायचं. भांडलेली जोडपी होडी उचलताना एकमेकांकडे बघत नाहीत. त्यामुळे एक टोक आधी वर जातं.

संध्याकाळी दोघं जेवायला बसली की भोंगा विचारायचा, "तेरवाचे ते हिरव्या टोपीवाले. गोड की कडू?" बोलत उतरले असतील तर गोड, नाहीतर कडू. पैज हरेल त्याने भांडी घासायची. भोंगा कायम गोडवर लावायचा. त्यामुळे त्यांच्या घरात भांडी बहुतेक करून तोच घासायचा, आणि घासताना एवढ्या मोठ्याने गायचा की धक्क्यावरची बदकं उठून जायची.

मग एका हंगामात त्याचं गाणं थांबलं. घसा बसला म्हणाला. होड्यांना ठिगळं लावायच्या रेझिनचा वास घशात जातो, म्हणाला. बाईने मास्क आणून दिला, तो त्याने खिळ्याला टांगला. डॉक्टरकडे चला म्हणाली, तर पालथ्या घड्यावर पाणी. हंगाम संपता संपता त्याचा आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा झाला, घास गिळताना मान वाकडी व्हायला लागली, आणि एका दुपारी बाईने गाडीची किल्ली हातात घेऊन त्याला सांगितलं की आता मी चालवते, तुम्ही बसा.

डॉक्टरीण तरुण होती, हळू बोलायची. तिने घशात छोटा आरसा घालून पाहिलं होतं, तुकडा तपासायला पाठवला होता, आणि आता रिपोर्ट तिच्यासमोर होता.

"गाठ आवाजाच्या पेटीवर आहे," ती म्हणाली. "पेटीसकट काढावी लागेल. मग श्वास इथून." तिने स्वतःच्या गळ्याच्या खळगीवर बोट टेकवलं.

"आणि बोलायचं कुठून?" भोंगा म्हणाला.

"बोलण्याचे काही उपाय आहेत, यंत्रं असतात. पण हा आवाज जाईल. नाही काढली तर..." तिने बाईकडे पाहिलं. "लवकर ठरवा."

"डॉक्टर, भोंगा वाजायचा बंद झाला की लोक काय समजतात माहीत आहे? गिरणी बंद पडली."

डॉक्टरीण हसली नाही. भोंग्याने गाडीत बसेपर्यंत 'नाही' ठरवून टाकलं होतं.

बाईने सगळे मार्ग करून पाहिले. समजावलं, रागावली, दोन दिवस अबोला धरला, धाकट्या दिराला मधे घातलं. दीर शेजारच्या गल्लीत राहायचा, गाड्या दुरुस्त करायचा आणि कामापुरतंच बोलायचा. तो येऊन बसला, चहा प्यायला, "दादा, काढून टाक," एवढं म्हणाला आणि गेला. भोंग्याचं एकच उत्तर. "पिशवीत घालून ठेवलेल्या वल्ह्यासारखं जगायचं नाही मला." रात्री तो झोपला की बाई त्याच्या श्वासाची शिट्टी ऐकत पडायची. आपण याला वाचवू शकतो आणि हा वाचवू देत नाही, हे तिला गिळता येत नव्हतं.

आणि मग त्यानेच तो विषय काढला, पण भलत्याच बाजूने.

"आपण एकदा जाऊन येऊ," तो म्हणाला.

"कुठे?"

"नदीवर. मधली नदी बघायचीच राहिली."

खरंच राहिली होती. हंगामात वेळ नसायचा, हंगाम संपला की पाणी वाढायचं, आणि पाणी उतरेपर्यंत होड्यांची डागडुजी. लोकांना नदी विकून पोट भरणाऱ्या या दोघांनी ती रस्त्यावरूनच पाहिली होती. नकाशासुद्धा गिऱ्हाइकांनी सांगितलेल्या गोष्टींवरून काढलेला. इथे वाळू चांगली आहे, इथे डास फार, इथे आम्हाला खंड्या दिसला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

"होडीत तो विषय काढायचा नाही," भोंगा म्हणाला. "खालच्या धक्क्यावर उतरलो की मी सांगतो, हो की नाही. मग तू भांडायचं नाहीस."

बाईने कबूल केलं. तिच्या हातात दुसरं होतं काय.

दिराने त्यांना वरच्या धक्क्यावर सोडलं. पूर नुकताच ओसरला होता. पाणी चहासारखं गढूळ आणि काठाच्या झुडपांवर गवताच्या, प्लॅस्टिकच्या चिंध्या अडकलेल्या. दरवर्षी हंगामाआधी पाटबंधारे खात्याची माणसं यायची, नदीत पडलेली झाडं कापून वाट मोकळी करायची. ती अजून आली नव्हती.

"वहिनी, आठ-दहा दिवस थांबला असतात तर," दीर म्हणाला.

"तू आता मला नदी शिकव," भोंगा म्हणाला, आणि होडी पाण्यात ढकलून नेहमीच्या जागी, धक्क्याच्या दुसऱ्या पायरीवर उभा राहिला. "चला, भाषण ऐका."

बाई हसली. मग तिच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत आपण हे भाषण ऐकलेलंच नाही. ती दुसऱ्या टोकाला असायची.

भोंग्याचा आवाज फुटत होता, मधेच नुसती हवा यायची, पण एकही वाक्य त्याने गाळलं नाही.

"पुढचा वल्हवतो, मागचा वळवतो. होडी मागच्याची. मागच्याने सांगितल्याशिवाय पुढच्याने शहाणपणा करायचा नाही. आणि पुढच्याने मागे बघायचं नाही. वळून बघितलं की होडी डुलते. मागचा आहेच असं धरून चालायचं. तेवढा विश्वास नसेल तर होडीत बसू नका, घरीच भांडा, स्वस्तात पडेल." इथे तो थांबला. इथे लोक हसत असणार. दीर हसला नाही, म्हणून बाई हसली.

"पाण्यात झाड आडवं पडलेलं असलं तर ती चाळण असते. पाणी आरपार जातं, तुम्ही जात नाही. होडी जाऊन चिकटली तर तुम्हाला वाटेल, झाडापासून लांब सरकावं. सरकलात की प्रवाहाकडची कड पाण्याखाली गेली, होडी भरली, खेळ संपला. म्हणून झाडाकडे झुकायचं. झाडाला सासू समजा. नको वाटलं तरी मिठी मारायची."

दीर खाली बघून हसला.

"बेटाशी आलात की डावी बाजू धरा. तिथे मोठं वाकलेलं झाड आहे, सावली आहे. होडी बांधा, जेवा, दोन शब्द गोड बोला. पुढे कामाला येतात."

पहिला दिवस चांगला गेला. बाई पुढे, भोंगा मागे. तिला फक्त पाणी दिसायचं आणि पाठीमागून त्याचा खरखरीत आवाज यायचा, "डावीकडे दोन मार... बास... वाहू दे." दर वाक्यावर हुकूम. बगळा दिसला तरी हुकूम, "बगळा बघ." आणि मधल्या वेळात गप्पा. त्याला निघालेली सगळी जोडपी आठवत होती. तिला पोचलेली.

"तो उंच माणूस, बायकोला उचलून होडीत ठेवलेलं त्याने. आठवतो?"

"तो. ती रस्त्याने आली, तो होडीने. तिने दुसऱ्या दिवशीच काठाला लागून बस पकडली."

"काय सांगतेस. आणि ते म्हातारे? काठी घेऊन बसले होते."

"गोड. आजोबा उतरल्यावर म्हणाले, परत सोडता का वर."

"आणि ती जुळ्या बहिणींसारखी दिसणारी जोडी?"

"कडू."

भोंग्याने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. "एवढे कडू निघाले?"

"भांडी कोण घासत होतं? मोजायची होतीत."

अशी ती दोघं अर्धी अर्धी माणसं जोडत गेली. संध्याकाळी वाळूवर तंबू लावला. बाईने सूप गरम केलं, कारण दुसरं काही त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. तो प्रत्येक घोट घेताना मान डावीकडे वाकवायचा, डोळे मिटायचा, आणि घोट उतरला की जणू काही झालंच नाही असं आकाशाकडे बघायचा. बाईने दहा वेळा तोंड उघडलं आणि दहा वेळा मिटलं. कबूल केलं होतं ना.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला. समोरून येणारा, पाण्याला उलटे काटे आणणारा वारा. भोंग्याचा आवाज सकाळपासूनच बसला होता. हुकूम कमी झाले, मग तुटक झाले. दुपारी बेट आलं. नदी तिथे दोन वाटांनी फुटत होती. भोंगा डावीकडे वळवतोय हे बाईला होडीच्या कलण्यावरून कळलं. बरोबरच होतं. भाषणात तसंच होतं.

वळण घेतल्यावर तिला झाड दिसलं. ते वाकलेलं नव्हतं. पडलेलं होतं. मुळं बेटावर, शेंडा पलीकडच्या काठाजवळ, आणि मधे सगळ्या फांद्यांतून पाणी शिट्ट्या मारत आरपार जात होतं. ज्या झाडाची सावली भोंग्याने आयुष्यभर लोकांना सांगितली होती, ते पुरात पडलं होतं, आणि पुरानंतर या वाटेने कुणी आलंच नव्हतं. पहिले आले ते हेच दोघं, स्वतःच्याच भाषणावर विसंबून.

"अहो, झाड," बाई म्हणाली. उत्तर नाही.

आता इथे दुसरी कुणी असती तर वळून बघितलं असतं, किंवा घाबरून स्वतःच उलट वल्हं मारलं असतं. बाईने तसं केलं नाही. तिचा संसार ज्या माणसाशी झाला होता तो बगळा दिसला तरी ओरडायचा. गॅस राहिला तर ओरडायचा, मीठ कमी पडलं तर ओरडायचा. भोंगा गप्प आहे याचा अर्थ इतक्या वर्षांत एकच होता, सगळं ठीक आहे. त्याने झाड पाहिलंय, वाट शोधलीय, नेतोय. ती मान ताठ ठेवून, शेवटचा हुकूम होता तशी उजवीकडून जोर लावून वल्हवत राहिली. आणि तिच्या प्रत्येक फटक्याबरोबर होडी झाडाजवळ जात राहिली.

अगदी जवळ गेल्यावर ती वळली. भोंगा मागे अर्धा उभा होता, वल्हं पाण्यात आडवं रोवून, सगळं अंग मागे टाकून होडी अडवत. तोंड पूर्ण उघडं होतं. गळ्याच्या शिरा दोरखंडासारख्या झाल्या होत्या. तो ओरडत होता आणि काहीही ऐकू येत नव्हतं.

ती वळली तशी होडी डुलली, आडवी झाली आणि झाडाला जाऊन बसली.

तिला लांब सरकावंसं वाटलं. सगळं अंग तेच सांगत होतं. पण ती झुकली झाडाकडे. छातीने, वल्ह्यासकट दोन्ही हातांनी, तोंड सालीवर दाबून. होडी क्षणभर सावरली, तेवढ्यात बाई वर चढली. भोंग्याने मागून तिच्या जॅकेटचा पट्टा धरून स्वतःला वर ओढलं. मग फांदी मोडली, होडी भरली, पोट वर करून फांद्यांखालून निसटली. तंबूची पिशवी, स्टोव्ह, कॅन, फोन ठेवलेला डबा, सगळं एकामागून एक वाहत गेलं. दोघं बुंध्यावरून गुडघ्यांनी सरपटत बेटावर आली आणि मुळांपाशी पडली.

होडी बेटाच्या खालच्या टोकाला उथळ पाण्यात सापडली. एक वल्हं बाईच्या हातात राहिलं होतं. पाण्यात हातातलं वल्हं सोडायचं नाही हे मात्र तिला पोचलेल्या लोकांकडूनच माहीत होतं. दुसरं झुडपात अडकलेलं मिळालं. उजेड जायला लागला होता. त्यांनी होडी पालथी घातली, एक कड दगडावर टेकवली आणि तिच्याखाली अंगाचं मुटकुळं करून बसली. कपडे ओले. वारा होताच.

भोंगा बोलला तेव्हा तो कानाशी कागद फाडल्यासारखा आवाज होता.

"मी ओरडलो गं."

"कधी?"

"वळण आल्यापासून. उलट मार, उलट मार." त्याने श्वास घेतला. "तोंड उघडत होतो. आत कुणी नव्हतंच."

"मला वाटलं गप्प आहात, म्हणजे बरोबर चाललंय."

"मागे का नाही बघितलंस?"

"तुम्हीच सांगितलंत."

त्याला हसू आलं. हसू खोकल्यात गेलं आणि खोकला थांबेना. थांबला तेव्हा त्याने तळहात गवतावर पुसला. बाईने तो लाल डाग पाहिला. तिने पाहिलं हे त्याने पाहिलं.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "झाडाकडे कशी काय झुकलीस? सगळे उलटेच सरकतात. मी तर सांगू शकलो नव्हतो."

"काल सांगितलंत की. सासू."

"ते आठवलं तुला? त्या वेळी?"

"आठवलं म्हणून तर बसलेय."

भोंगा गुडघ्यावरचा चिखल खरवडायला लागला.

"आठवायला तुमचा आवाज लागला नाही," बाई म्हणाली. लगेच तिने जीभ चावली, कारण हा तोच विषय होता आणि होडी डोक्यावर होती. पण तो रागावला नाही. त्याचे दात वाजत होते. तिने त्याची पाठ आपल्या पोटाशी ओढून घेतली आणि सकाळपर्यंत तो शिट्टी वाजवणारा श्वास मोजायचा नाही असं ठरवून मोजत राहिली.

उजाडल्यावर त्यांनी होडी सरळ केली. भोंग्याचा आवाज पार गेला होता, ओठ नुसते हलायचे. बाई पुढच्या फळीवर बसायला गेली आणि मग उलटी बसली, त्याच्याकडे तोंड करून. भोंग्याने हाताने विचारलं, हे काय?

"तुम्ही हातांनी बोलणार, मी पाठीने वाचू?"

पुढे तंबूच नसल्याने मुक्काम करण्यात अर्थ नव्हता. राहिलेली सगळी नदी त्यांनी त्या एका दिवसात उतरली. बाईला समोरचं काही दिसत नव्हतं. दिसत होता तो भोंग्याचा चेहरा. खडक आला की त्याच्या भुवया आधी वर जायच्या. संथ पाणी आलं की खांदे उतरायचे. त्याने हनुवटी ज्या बाजूला केली, त्या बाजूला ती वल्हं घालायची. पुढे काय येतंय हे तिने दिवसभर त्याच्या तोंडावर वाचलं, आणि त्याबरोबर तिला हेही दिसलं की तो किती वाळलाय. गाल आत गेलेले, कानांच्या पाळ्या मेणासारख्या. घरात ती या माणसाकडे ताट वाढताना, किल्ली शोधताना बघायची. इतका सलग चेहरा तिने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

सूर्य कलता कलता धक्का आला. तोही तिने पाहिला नाही. भोंग्याच्या तोंडावरून कळलं. तो आता ती जागा पाहत होता जिथे उभं राहून तिने आयुष्य काढलं होतं, आणि तिथे उभं राहिलं की माणसं कशी दिसत असतील असा काहीतरी विचार त्याच्या कपाळावर होता.

दीर शेडमधून धावत आला. एक रात्र आधीच आलेली, तंबू नसलेली, रक्त सुकलेल्या कोपरांची ती दोघं बघून तो बघतच राहिला.

"सामान कुठंय?"

"नदीला दिलं," बाई म्हणाली.

त्यांनी होडी उचलली. दोन्ही टोकं एकदम वर आली. दिराला ती पैज माहीत होती. त्याने विचारलं, "वहिनी, गोड की कडू?"

बाईने भोंग्याकडे पाहिलं. धक्का आला होता, उत्तर द्यायचं ठरलं होतं. भोंग्याने होडी खाली ठेवली. डॉक्टरणीने स्वतःच्या गळ्यावर जिथे बोट टेकवलं होतं, तिथे आपलं बोट टेकवलं, आणि मान हलवली. वरखाली. मग तो शेडच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, आणि त्याचे खांदे हलत असताना दीर आणि बाई होडीवरचा चिखल धुण्यात गुंतली.

ऑपरेशन झालं. गळ्याच्या खळगीत भोक घेऊन भोंगा घरी आला. बोलायचं यंत्र आणलं होतं, गळ्याला टेकवलं की त्यातून डबा बोलल्यासारखा आवाज यायचा. त्याने ते एकदा लावलं, ऐकलं, आणि मास्क टांगलेल्या खिळ्याला टांगून ठेवलं. फोन वाजला की तो खोलीतून उठून जायचा. दुकानात लोक त्याच्याशी मोठ्याने, एकेक अक्षर तोडून बोलायचे, जणू तो बहिरा झालाय. रात्री भोकात साचलेलं बाई साफ करायची. तो छताकडे बघत राहायचा. जीव वाचणं म्हणतात ते दिसायला असं असेल, असं तिला वाटलं नव्हतं.

हंगाम आला. आता टोकं बदलणं भाग होतं. पहिल्या दिवशी भोंगाही वरच्या धक्क्यावर गेला, गळ्याला रुमाल बांधून एका बाजूला उभा राहिला. बाई दुसऱ्या पायरीवर चढली. समोर तीन जोडपी. तिने वाक्यामागून वाक्य सांगितलं, एकदाच ऐकलेलं, तरी तिला सगळं पाठ होतं. झाडापाशी आली आणि अडली. पुढचा शब्दच आठवेना. तेव्हा भोंगा बाजूच्या झाडाकडे गेला, नाक मुरडलं, डोळे घट्ट मिटले आणि झाडाला मिठी मारली.

लोक खळखळून हसले. "सासू," बाई म्हणाली. "झाडाला सासू समजा."

दुसऱ्या दिवसापासून तो खालच्या धक्क्यावर थांबायला लागला. संध्याकाळी बाई परत आली की विचारायची, "गोड की कडू?" तळहात उघडा म्हणजे गोड. मूठ म्हणजे कडू. आता गोडवर पैज बाई लावायची. निघणारी माणसं बघितली की तसंच होतं. भांडीही तीच घासायची, आणि तो मागे स्टुलावर बसून टेबलावर बोटांनी ताल धरायचा.

हंगामाच्या शेवटी त्याला पुन्हा खोकला आला. या वेळी डॉक्टरणीने आरसा आत घातला नाही. छातीच्या फोटोकडे बघून ती बाईला बाहेर घेऊन गेली.

पाणी वाढायच्या दिवसांत भोंग्याची खाट त्याच्या खुणांवरून शेडमध्येच टाकली होती. होड्यांच्या डागडुजीचे दिवस. बाई त्याच्याकडे पाठ करून होडी घासायची, कारण घासताना उजेड समोरून लागतो. तो हाक मारू शकत नव्हता, म्हणून ती दर थोड्या वेळाने वळून बघायची. तो भुवया उडवायचा, म्हणजे घास, घास. एका दुपारी होडीच्या टोकाशी एक तडा जरा खोल निघाला. तो बुजवताना तिचा बराच वेळ गेला. ती वळली तेव्हा भोंगा तिच्याकडेच बघत होता, पण भुवया हलल्या नाहीत.

त्याने काही खूण केली होती का, हे तिला कधी कळणार नाही. हात खाटेच्या बाहेर आलेला होता. तळहात उघडा होता. पण झोपेतही तो तसाच असायचा.

आता दोन्ही टोकं बाईकडेच आहेत. सकाळी दीर गाडी चालवतो, ती वर जाते, भाषण करते, आणि परत येऊन खाली थांबते. बेटाची वाट तिने उजवीकडून केली आहे. भाषण तेच आहे, सासूसकट. एकाच वाक्याला ती दर वेळी जरा थांबते.

परवा एक नवं जोडपं होडीत बसलं. पुढे बसलेल्या मुलीने आधीच कुठेतरी वाचलेलं होतं.

"पुढच्याने मागे बघायचं नाही ना?"

"बघायचं," बाई म्हणाली. "मधून मधून बघत जा."

"होडी डुलेल की."

"डुलू दे," बाई म्हणाली, आणि पायाने होडी पाण्यात लोटली.